तीच गोळी

कामोठे,
१३ फेब्रुवारी २०२५

ती. सोनाआत्या,
शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेला सुका जवळा तुझ्या कल्पेशने परवा आणून दिला. पिशवी उघडली मात्र, आणि समोरच्या बिऱ्हाडाने दार लावून घेतलं. आता आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरात करंजा बंदर वसणार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर लिहिलेलं दिसत नाही, म्हणून मोठ्या अक्षरात कागदावर लिहायला बसले आहे. शेवटची ओळ आधी वाचू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे.

मुख्य गोष्ट आधी सांगते. आपल्या धनेशच्या मनस्वीला मंगळवारी शाळेत झटका आला. आता ती घरी बेलपाड्याला आहे, बोलते आहे, आज पेजही प्यायली. पण पहिल्या तासाला तिच्या वर्गातून आरडाओरडा ऐकू आला, मी धावत गेले, तर ही बाकाखाली ताठ झालेली, डोळे वर गेलेले, हातपाय आपटत होते. इतकी वर्षं शाळेत काढली, मुलांची डोकी फुटलेली पाहिली, पण माझ्याच भावाच्या पोरीला तसं पाहून मी दारातच उभी राहिले. दुसऱ्या बाईंनी तिला धरलं.

आत्या, आदल्याच दिवशी आमच्या शाळेत जंताच्या गोळ्या वाटल्या होत्या. दरवर्षी वाटतो. ही गोळी चावून खायची असते आणि नववीच्या मुली नाकं मुरडत बसतात. म्हणून मी मनस्वीला पुढे बोलावलं, ती वर्गाची मॉनिटर ना, आणि सगळ्यांत पहिली गोळी तिला दिली. तिने तोंड वेडंवाकडं करत खाल्ली, सगळ्या हसल्या आणि मग रांग सुरू झाली. बाकी शाळेत एकालाही काही झालेलं नाही.

पनवेलच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काल काही वेगळं खाल्लं होतं का. मीच गोळीचं सांगितलं. दिपिका शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "ताई, तुमी माज्या पोरीला काय खायला घातलं?" त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. काल बेलपाड्याला गेले तर त्यांच्याकडे कामाला असलेल्या शुक्रीने दार उघडलं, पाणी दिलं, आणि वहिनी झोपल्यात असं खाली बघत सांगितलं. आतून कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

डॉक्टरीणबाईंना मेंदूचा फोटो काढायचा आहे. धनेश म्हणतो, एकदा आला झटका, उपाशी असेल, एवढ्यात गावभर कशाला करायचं, मुलीची जात आहे. तू त्याला काहीतरी लिही.

तुझी माया सगळ्यांना पुरते, या वेळी तिच्यातली थोडी माझ्यासाठीही राखून ठेव.

तुझी,
निशा


करंजा,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. निशास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. शेवटची ओळ मी आधीच वाचली. मायेची चिंता करू नकोस, मला ती मोजून द्यायची सवय नाही.

पण पोरी, तुला एक सांगते. आमच्या आळीत एक सून होती, तिला फेफरं यायचं. लग्नाआधी माहेरच्यांनी झाकून ठेवलं होतं. एकदा मासळी वाळत घालताना पडली, नि सासरच्यांनी दुसऱ्याच दिवशी तिला माहेरी पोचवली. पुन्हा कोणी आणली नाही. मनस्वीच्या वाट्याला असलं काही नको. मी एकवीरेला बोलले आहे. झटका आला की कांदा फोडून नाकाशी धरा, हे दिपिकाला सांग.

गोळ्यांचं म्हणशील तर माझा त्यांच्यावर कधीच जीव नव्हता. आमची आई दर महिन्याला वावडिंगाचा काढा पाजायची, कडू जहर, पण त्याने कोणी बाकाखाली पडलं नाही. तेव्हा दिपिकाचं अगदीच चुकलं असं मी म्हणणार नाही. तुझंही चुकलं असं म्हणत नाही. शाळेत दिलेली वस्तू तू वाटलीस. ती दार उघडो न उघडो, तू जात राहा. ती आई आहे, तिचा राग कुठेतरी उतरणार, तो तुझ्यावर उतरला तर घरातच राहील.

मला सारखी त्या पोरीची आठवण येते. दिवाळीला मी बेलपाड्याला होते, तेव्हा धनेशने हाताने मुळ्याची कोशिंबीर कालवली होती. दर रविवारी कालवतो म्हणे, मीठ-मिरची-लिंबू सगळं बोटांनी, चमचा लावू देत नाही. नि पहिला घास लेकीच्या तोंडात. एवढी घोडी झाली तरी ती आ करून बसते. आपल्या घरातले बाप लेकींना पहिला घास भरवतात, हे आपलं पूर्वीपासूनचं आहे. माझ्या बापाने मला भरवला, तुझ्या बापाने, महादेवाने, तुला भरवला. आगरी माणूस जमीन विकेल, रीत विकत नाही. अशा लाडाच्या पोरीला कोणाची नजर लागली?

मेंदूचा फोटो काढा. त्याने काही वाईट होत नाही, कल्पेशच्या सासऱ्याचा काढला होता. धनेशला माझं नाव सांग. आणि जवळ्याला नावं ठेवतेस तर पुढच्या वेळी बोंबील पाठवीन.

आशीर्वाद आहेतच, ते कधी संपले असं कळवलेलं नाही.

तुझी आत्या,
सोनाबाई


कामोठे,
२ मार्च २०२५

ती. सोनाआत्या,
शि. सा. न. वि. वि.

तुझं नाव सांगितल्यावर धनेश मुकाट्याने तयार झाला. फोटो निघाला. त्याआधी एक सांगते, कांदा नाही, चप्पल नाही, काहीही नाकाशी धरायचं नाही आणि तोंडात घालायचं नाही. झटका आला तर कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं टोचणारं बाजूला करायचं आणि दवाखाना गाठायचा. हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं आहे, माझी शहाणपणाची मिजास नव्हे.

आत्या, मनस्वीच्या मेंदूत जंत आहेत. वाचून दचकू नकोस, ते काही वळवळत नाहीत. वाटाण्याएवढ्या दोन पाण्याच्या पिशव्या आहेत आणि एकीत बारीक पांढरा ठिपका, तो जंत. दुसरी पिशवी जुनी होऊन आवळत चालली आहे. त्या आवळणाऱ्या पिशवीभोवती सूज आहे आणि सुजेमुळे झटका येतो.

हे होतं कसं, ते मी दोनदा विचारून घेतलं. डुकराचं मांस अर्धकच्चं राहिलं आणि कोणी खाल्लं की त्याच्या आतड्यात लांब चपटा जंत वाढतो. त्या माणसाला फारसा त्रासही होत नाही. पण त्याच्या शौचातून जंताची अंडी पडत राहतात. हात नीट धुतले नाहीत की अंडी बोटांना, बोटांची अन्नाला. ते अन्न जो खाईल त्याच्या पोटात अंडी फुटून बारीक जंत रक्तातून डोक्यात जाऊ शकतात. म्हणजे डुक्कर खाल्लं एकाने आणि भोगतंय दुसरं. आपल्यात मासळी चालते, मटण चालतं, पण डुकराचं नाव काढलं तर आई चुलीवरचा तवा उतरवायची, हे तुला माहीत आहे. मग हे घरात आलं कुठून?

मी विचारलं, झटका माझ्या गोळीने आला का. त्या म्हणाल्या, खात्रीने सांगता येत नाही. पिशव्या गोळीच्या खूप आधीच्या आहेत, झटका आज ना उद्या आलाच असता. पण गोळीने आतला जंत दुखावला जाऊन सूज वाढली, असंही क्वचित होतं. मी खोटं कशाला लिहू, त्या "क्वचित"वर मी रोज झोपते आणि रोज उठते.

आता खरी अडचण. यावरचं औषध काय, तर तीच गोळी. रोज, पंधरवडाभर. आधी सूज उतरवणारं औषध, झटक्याचं औषध चालू, आणि पहिले काही दिवस दवाखान्यात ठेवून. हे ऐकताच दिपिका उठून बाहेर गेली. झटक्याच्या गोळ्या ती देते आहे, पण ही गोळी या घराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं तिने धनेशकरवी मला कळवलं. एका गोळीने पोर बाकाखाली गेली, पंधरा दिवसांत काय होईल, असं ती विचारते.

आणि धनेशने शुक्रीला कामावरून काढलं. मनस्वी बालवाडीत असल्यापासून शुक्री त्या घरात भाकऱ्या भाजते. डोंगराकडच्या वाडीतली बाई, तिथे डुकरं फिरतात, मग हीच असणार, असं त्याने ठरवून टाकलं. ती म्हणाली, "आमच्या घरात डुक्कर कुनी खात नाय, दादा." त्याने ऐकलं नाही. डॉक्टरीणबाईंनी घरातल्या सगळ्यांना शौच तपासायला डबे दिले होते. दिपिकाने दिला, मीही दिला कारण रविवारी मी तिथे जेवते, शुक्रीला काढल्यावर मी तिच्या वाडीवर जाऊन तिचाही आणला. तिने दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. सगळ्यांचे चांगले आले. धनेशने मात्र दिलेला नाही. म्हणतो, मी काय रस्त्यावरचा आहे का.

इथून पुढे काय करावं, तू सांग. उत्तर चार ओळींचं असलं तरी चालेल, पण लवकर धाड.

तुझी,
निशा


करंजा,
९ मार्च २०२५

चि. धनेशास,
अ. उ. आ.

हे पत्र दिपिकासमोर फोडू नकोस. फोडलं असशील तर पुढचं मनात वाच.

निशाचं पत्र वाचून मी कल्पेशला समोर बसवलं. डुकराचं म्हणताच त्याने मान खाली घातली. कर्जतकडे तुझ्या त्या बिल्डर मित्राच्या फार्महाऊसवर तुम्ही दोन-तीन वर्षं जाता, चुलीवर भाजलेलं खाता, वरून जळलेलं नि आतून लाल, असं त्याने सांगितलं. त्याला बदडावं असं वाटलं, पण तो पंचेचाळिशीला आला नि माझा खांदा दुखतो. त्याला मी उरणला नेलं, डबा द्यायला लावला. काही निघालं नाही. आता राहिलास तू.

खाल्लंस त्याचं मला काही नाही. गड्यांनी बाहेर काय खावं हे मी कधी विचारलं नाही. पण तू शुक्रीला काढलंस. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस. तुझ्या मनात शंका आली नाही असं मला सांगू नकोस. लहानपणी ताप आला की थर्मामीटर झटकून परत डबीत ठेवायचास, नि वर म्हणायचास, मला काय झालंय. तो मुलगा मी वाढवलेला आहे.

लाज वाटत असेल. वाटू दे. लाजेने कोणी मेलं नाही. पण त्या पोरीला पुढचा झटका पाण्याजवळ आला, रस्त्यावर आला, विस्तवापाशी आला तर? तुझ्या पोटात काही असेल तर ते आजही अंडी घालतंय. तोवर रविवारची कोशिंबीर बंद. घास बंद. ती रीत मीच तुला कौतुकाने सांगितली होती. तरी लिहिते, बंद.

डबा दे नि मला एक ओळ कळव. ती ओळ येईपर्यंत माझा आशीर्वाद वाटेत थांबला आहे असं समज.

तुझी आत्या,
सोनाबाई


कामोठे,
१५ मार्च २०२५

ती. सोनाआत्या,
शि. सा. न. वि. वि.

मनस्वीला काल दुसरा झटका आला. अंघोळीला गेली होती, कडी आतून. दिपिकाला बादली पडल्याचा आवाज आला. धनेशने खांदा मारून दार तोडलं. नळ चालू होता, पोर फरशीवर कुशीवर पडलेली, सुदैवाने तोंड पाण्याबाहेर. कपाळाला खोक पडली आहे, चार टाके घातले. ती शुद्धीवर आली तरी धनेश ओल्या फरशीवरून उठेना, असं शेजारच्या बाईंनी मला सांगितलं. मला घरातून कोणी कळवलं नाही.

गोळ्या चालू असताना झटका कसा आला, म्हणून डॉक्टरीणबाईंनी खोदून विचारलं, असं धनेशने मला मागून सांगितलं. तेव्हा कळलं की दिपिका झटक्याची गोळी अर्धी करून देत होती. पूर्ण दिली की पोर वर्गात पेंगते, परीक्षा जवळ आली, आणि एकूणच गोळ्यांवर तिचा विश्वास उडालेला. त्या तिला रागावल्या. मी तिथे असते तर मध्ये पडले असते. ती काही वाईट आई नाही. तिला गोळीची भीती बसली आहे आणि ती भीती माझ्या हातून तिच्या घरात गेली.

बाथरूमची कडी काढून टाकली आहे. मनस्वी म्हणते, मला आता एकटीला अंघोळही करू देत नाहीत. गॅसपाशी जायचं नाही, गच्चीवर जायचं नाही, सायकल नाही. तिला कंटाळा आलाय, राग आलाय. काल तिने डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं की डोकं माझं आहे तर सगळे आईलाच का विचारतात. त्या हसल्या, पण सांगितलं की आई-बापाची सही लागते. धनेश सही करायला तयार आहे, दिपिकाशिवाय करायची हिंमत मात्र नाही. सूज राहिली तर झटके येतच राहणार. मी रोज शाळेत त्या वर्गापुढून जाताना कान टवकारून जाते.

तू धनेशला काही लिहिलंस का? परवा कल्पेशने पाकीट दिल्यापासून तो वेगळाच वागतो. जेवायला बसतो, पण ताटात हात घालत नाही, चमच्याने खातो. दिपिकाला वाटतं काळजीने करतोय.

तुझं क्षेम कळव. काळजीची एक गोष्ट तरी कमी होईल.

तुझी,
निशा


बेलपाडा,
१७ मार्च २०२५

ती. आत्या,
सा. न.

डबा दिला. दिपिकाला अजून बोललो नाही. तू बोलू नको, मी बोलेन.

धनेश


कामोठे,
३१ मार्च २०२५

ती. सोनाआत्या,
शि. सा. न. वि. वि.

काल पाडवा झाला. बेलपाड्याला गुढी उभारली, पण श्रीखंडाचा डबा तसाच फ्रीजमध्ये पडला आहे.

धनेशच्या तपासणीत अंडी निघाली. तू ओळखलं होतंस, हे मला त्याने सांगितल्यावर कळलं. दिपिकाला सांगायला त्याने मला बोलावून घेतलं, एकट्याला जमेना म्हणून. ती मला बघून आत जायला निघाली, तेव्हा त्याने तिला थांबवलं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. फार्महाऊस, चूल, सगळं. शौचातून कधी कधी सफेद पट्टीसारखे तुकडे पडायचे, तेही त्याने पाहिले होते आणि कोणाला सांगितलं नव्हतं. बोलताना दोन्ही हात पाठीमागे धरून उभा होता, शाळेत मुलं उभी राहतात तसा.

दिपिका रडली नाही की ओरडली नाही. तिने विचारलं, कोशिंबीर? तो हो म्हणाला. मग तिने विचारलं, घास? त्याला हो म्हणता येईना. आत्या, त्या वेळी मला त्याचा इतका राग आला होता, पण तरीही मला वाटलं, कोणीतरी या माणसाला बसायला सांगा.

मनस्वी दारात उभी होती, आमच्यापैकी कोणाला कळलं नाही. ती बापाला म्हणाली, "मी नको म्हनत होते ना, मोठी झाले म्हनून? तुमीच ऐकत नवते." आणि आत जाऊन पुस्तक उघडून बसली. तेव्हापासून तो खोलीत आला की ती ताट घेऊन बाहेर जाते. त्याला वेगळं औषध दिलं, त्याचंही डोकं आधी तपासलं, काही नाही. पुन्हा तपासणी होईल तेव्हा तो स्वच्छ निघेल असं डॉक्टरीणबाई म्हणतात. लेकीच्या लेखी कधी निघेल, ते त्यांना विचारून उपयोग नाही.

तो शुक्रीकडे गेला होता, मीही बरोबर होते. तिला त्याने खरं काय ते सांगितलं आणि परत ये म्हणाला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माज्या हातचं खाताना तुमाला शंका येल, दादा, नि मला राग येल. नको." खारघरला एका पोळीभाजी केंद्रात तिला काम लागलं आहे. तिथेही कोणीतरी विचारलं होतं म्हणे, तुला त्या घरातून का काढलं. धनेशने तिथे जाऊनही सांगायचं कबूल केलंय. करतो की नाही ते मी बघणार आहे.

मनस्वीची परीक्षा पाच तारखेला संपते. सात तारखेला तिला दाखल करायचं असं ठरलं आहे, म्हणजे धनेशने आणि मी ठरवलं आहे. दिपिका हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. मी तिला सांगितलं की गोळी कुठून तरी आणलेलं विष नाही. ती म्हणाली, तुम्ही दोघं भाऊबहीण माझ्या पोरीला खाऊ घालता, आणि मग मला समजावता. खरंच तर आहे.

मला तुझी भीती वाटत नाही असं मी लोकांना सांगते, तरी भीत भीतच मागते, तिला तू लिही. तुझं ती ऐकेल की नाही माहीत नाही, निदान वाचेल तरी.

सगळ्यांवर लक्ष असू दे, दुरून का होईना.

तुझी,
निशा


पनवेल,
१२ एप्रिल २०२५

ती. आत्याबाई,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं-माकलं सांभाळून घ्या. दवाखान्यात मनस्वीच्या उशाशी बसून लिहिते आहे.

तुम्ही लिहिलं होतं की मी गोळी दे म्हणणार नाही आणि नको पण म्हणणार नाही, दोन्हीकडून भीतीच आहे, त्यातली कुठली भीती घेऊन जगता येईल ते तू आई म्हणून बघ. तेवढंच एक पत्र होतं ज्यात मला कोणी समजावलं नव्हतं. ते वाचून मी ह्यांना सांगितलं की दाखल करा.

आधी सूज उतरायचं औषध सुरू केलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे तपासले, आत काही नाही म्हणाले. मग गोळी आली. तशीच, शाळेतली होती तशी. माझा हात पुढे होईना. नर्स म्हणाली मी देते. मनस्वी म्हणाली, आई दे गं, वास येतो तिचा, पटकन संपव. तिने खाल्ली आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. निशाताई बाहेर बाकावर होत्या. रोज शाळा सुटली की येत होत्या आणि बाहेरूनच परत जात होत्या, मला ते कळत होतं. मी त्यांना आत बोलावलं. त्यांनी मोसंबी सोलली, आम्ही तिघींनी खाल्ली.

परवा दुपारी झटका आला. मी तिचे केस विंचरत होते. शाळेतला मी पाहिला नव्हता, बाथरूममधला दाराआडून ऐकला. हा माझ्या हातात आला. आत्याबाई, ज्याला मी दोन महिने घाबरत होते ते सगळं माझ्या मांडीवर झालं. मी तिला कुशीवर वळवलं. निशाताई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या, तोंड पांढरं पडलेलं. मी आता काहीतरी बोलेन म्हणून त्या वाट बघत होत्या. हे पण दारात येऊन थांबले, तेही वाटच बघत होते.

लवकर थांबला. डॉक्टरीणबाई आल्या, सूज उतरायचं औषध वाढवलं, झटक्याचं वाढवलं. म्हणाल्या, जंत मरायला लागला की असं होऊ शकतं, हे आधी सांगितलं होतं, आता मध्येच सोडणं बरं नाही. सही झालेली असूनही त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, पुढची देऊ ना?

सगळे माझ्याकडे बघत होते. मनस्वी झोपली होती, तिच्या ओठाला लाळ होती ती मी पुसली. मला वाटलं नाही म्हणावं आणि पोरीला उचलून घरी न्यावं, दार लावावं, पुन्हा कधी कोणाच्या हातचं काही खाऊ घालू नये. मग घरात काय आहे ते आठवलं. घरात तर ती इतकी वर्षं होतीच.

मी हो म्हटलं. संध्याकाळची गोळी मी दिली, कालच्या पण मीच दिल्या, आजच्या पण.

हे बाहेर बाकावर बसून असतात. मनस्वीने अजून आत बोलावलेलं नाही. बोलवायचं तर तिने बोलवावं, मी मध्ये पडणार नाही. मी स्वतः त्यांच्याशी बोलते, कामापुरतं. निशाताईंना मी जे बोलले ते माझं चुकलं का बरोबर होतं, मला अजून ठरवता येत नाही. त्यांच्यासाठी आज घरून डबा मागवला आहे.

अजून नऊ-दहा दिवस गोळ्या आहेत. झटका परत येईल, असंही डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. आला तरी मी गोळी थांबवणार नाही, हे तुम्हाला लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

मोठ्यांचा हात डोक्यावर राहू द्या, पोरीच्या आणि माझ्या.

तुमची सून,
दिपिका